सहा पुरुष, पाच स्त्रिया

चौथीतलं एक गणित मला अजून तोंडपाठ आहे आणि ते आठवलं की अजून डोकं फिरतं. ‘तीन पुरुष किंवा पाच स्त्रिया एक शेत बारा दिवसांत खुरपतात, तर सहा पुरुष व पाच स्त्रिया तेच शेत किती दिवसांत खुरपतील?’

मास्तरांनी घरी करायला पाच गणितं दिली होती. आगगाडीचं सुटलं, हौदाचं सुटलं, त्रैराशिकं तर चुटकीसरशी. खुरपणीपाशी अडले. आमच्या सांगवीत कालव्याचं पाणी होतं, ऊस होता, कांदा होता. पण हातात खुरपं धरलेला पुरुष मी जन्मात पाहिला नव्हता. आमच्या कांद्यात आई आणि चार बायका उन्हात बसून सरकत राहायच्या. माझे वडील, आबा, बांधावर उभे राहून म्हणायचे, “तितं तण ऱ्हायलं बगा.” बोलून तण निघत असतं तर काय हवं होतं!

मी पाटीवर उत्तर लिहिलं: बारा. ते सहा जण आले काय नि न आले काय.

मास्तरांनी पाटी वर्गाला दाखवली. पोरं फिदीफिदी हसली.

“मास्तर, बापे कुठं खुरपत्यात?” मी विचारलं.

“पुस्तकापेक्षा तुला जास्त कळतं?” म्हणून हातावर दोन छड्या. खुरपणीतलं कळत होतंच मला जास्त! मास्तर इंदापूरच्या पेठेतले, त्यांनी खुरपं दुकानात टांगलेलंच पाहिलं असणार.

चौथी पास झाले तर बारामतीला मावशीकडे राहून पुढं शिकायचं, हे आईनं भांडून कबूल करून घेतलं होतं. छड्यांचं कानावर गेल्यावर आबा एवढंच म्हणाले, “गणितात गचकली तर घरातच खुरपं हाय.”

परीक्षा घ्यायला शाळा तपासणारे दिपोटी साहेब आले आणि तोंडी परीक्षेत त्यांनी नेमकं तेच गणित घातलं. माझ्या जिभेवर बारा होतं. मास्तर माझ्याकडे रोखून बघत होते.

“चार दिवस,” मी पुस्तकातलं उत्तर म्हटलं.

“शाब्बास.”

संध्याकाळी आई रानातून आली. पास झाल्याचं ऐकून तिनं मातीच्या हातानंच माझी अलाबला घेतली. “सायबानं काय इचारलं गं?”

मी गणित सांगितलं, उत्तर सांगितलं. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.

“चार? आमी बी पाच जणीच हाय की. आमाला बारा लागलं.”

“पुस्तकात सहा बापे बी असत्यात, आये.”

“व्हय? कंच्या गावचं म्हनायचं ते?” ती खळखळून हसली.

मला हसू आलं नाही. इतके दिवस मास्तरांचा राग होता, आबांचा होता. आता स्वतःचाच आला. आईचे आठ दिवस मी त्या सहा जणांच्या नावावर करून आले होते. दुसऱ्या दिवशी ती खुरपं घेऊन शेजारच्या रानात गेली, आणि मी बारामतीला जायचं म्हणून पाटी पुसून ठेवली.