हॅलोवकील

आमचे वकीलसाहेब खोलीत इतके हळू बोलायचे, की समोर बसलेल्या पक्षकारालाही "काय म्हणलं जी?" असं पुन्हा विचारावं लागे. आणि फोनवर इतकं ओरडायचे, की वाटावं, तारेची गरजच नाही, बुलढाण्याहून सरळ नागपूरला ऐकू जाईल. लोक त्यांना हॅलोवकीलच म्हणत.

हळू बोलण्याला कारण होतं. "तुमची गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही, बाई," म्हणायचे. आधी दार लावायचे, मग खिडकी. चहा आला तर उठून दारातूनच घ्यायचे, बायकोलाही आत येऊ द्यायचे नाहीत. मी तेव्हा नुकती विधवा झालेली, मोताळ्याहून एसटीनं यायची. वाटणीत आमच्याकडे आलेलं विहिरीचं वावर दिरानं दाबलं होतं, आणि माझ्या लेकरांचं सगळं त्याच वावरावर. ते लावलेलं दार पाहिलं की मला धीर यायचा.

मग साहेबांनी घरी फोन बसवून घेतला. आपल्याकडे कोर्टाच्या कामाला एकटं कोण येतं? सोबत भाऊबंद, शेजारी, सगळी ओसरीवर बसलेली. ट्रंककॉल लागला की विड्या विझवून कान टवकारायची. "लागला बे, लागला नागपूर!" आत दार मात्र लावलेलं. साहेब नियमाचे पक्के! अहो, पण त्या फळीनं तो आवाज थांबणार होता का?

माझ्या खटल्यासाठी त्यांनी नागपूरच्या मोठ्या वकिलांना फोन लावला. मी समोरच बसले होते. "हॅलो! वाटणीला हजर असलेला एकच साक्षीदार आहे! शेजारचे सखारामबुवा! हो, हो, एकच! ते फिरले तर संपलं!"

बाहेर आले तर बाकावर दिराचा मेहुणा. दुसऱ्याच कोणाच्या कामाला सोबत आलेला. म्हणाला, "लय मस्त फोन आहे वैनी, तुमच्या वकिलाचा."

मी तशीच मागे फिरले. "साहेब, त्यानं सारं ऐकलं!"

"असं कसं? दार तर लावलं होतं," साहेब म्हणाले. खरंच कळलं नव्हतं हो त्यांना. कपाळावर हात मारावा, नाही तर काय!

तारखेला सखारामबुवा कोर्टात उभे राहिले आणि म्हणाले, "मले काही आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी साहेब एसटीनं माझ्या दारात. वकील पक्षकाराच्या घरी आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. म्हणाले, "चूक माझी आहे, बाई. तुम्ही दुसरा वकील करा. काय झालं ते त्याला मीच सांगतो."

"आता सांगून काय होते? बुवाले आठवणार हाय काय?"

"नाही. पण माझ्यावर भरवसा ठेवायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचं. मी नाही."

मी त्यांनाच ठेवलं. तेव्हापासून माझ्या कामासाठी त्यांनी फोनला हात लावला नाही. सल्ल्याला नागपूरला जायचे ते बसनं, कंबर धरून परत यायचे. मला आणखीच चीड यायची. हे शहाणपण आधी का नाही सुचलं?

वावर गेलं. निकाल सांगायला साहेब स्वतः आले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "मी ओरडलो नसतो तर वावर तुमचं होतं," एवढंच म्हणाले. जज्जाला नावं ठेवली असती, नशिबावर ढकललं असतं, तर कडाकडा भांडले असते मी. भांडायला तेवढीही जागा ठेवली नाही त्या माणसानं.