शीतगृहाचा न वाजलेला भोंगा

निवृत्तीला दोन वर्षं झाली, पण त्या मुलीचं गप्प बसणं अजून विसरता येत नाही.

तेव्हा मी परतवाड्याला ठाणेदार होतो. एका शीतगृहाच्या मालकांनी तक्रार दिली. यंत्र बिघडलं, तापमान वाढलं, पण धोक्याचा भोंगा वाजलाच नाही आणि संत्री सडली. भोंग्याचा प्रोग्राम 'सी' या संगणकाच्या भाषेत लिहिणारी मुलगी आठवड्यापूर्वीच नोकरी सोडून गेली होती. मालकांनी तिचं लॉगिन बंद केलं. मग तिथल्या ऑपरेटरने स्वतःच्या लॉगिनमधून प्रोग्राम सुरू केला, तो लगेच बंद पडला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"जाता जाता पोरीनं काडी करून ठेवली साहेब," मालक म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

मुलगी वडिलांसोबत ठाण्यात आली. तिला सरकारी नोकरी लागली होती आणि तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर होता. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी गेलीच असती.

"कावून केलं?" मी कारण विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. हे गप्प बसणं म्हणजे कबुलीच, असं धरून मी जबाबाचा कागद पुढे ओढला.

"साहेब, ते इचार करून राहिली," वडील कळवळून म्हणाले. "लहानपणापासून असंच हाय तिचं."

मी पेन खाली ठेवलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मले तिथं नेता का? पाहून सांगतो."

शीतगृहात पंचांसमक्ष तिने ऑपरेटरच्या लॉगिनमधून प्रोग्राम सुरू केला. बंद पडला. एक ओळ टाइप करून पुन्हा सुरू केला, तर व्यवस्थित चालला.

"सेन्सरची फाइल कुठं हाय, हे प्रोग्राम सुरू होतानी सिस्टीमले इचारते. ते उत्तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधी, म्हंजे लॉगिनच्या सेटिंगमधी असते. मी ते फक्त माह्या लॉगिनमधी लिहून ठेवलं होतं. दुसऱ्याच्या लॉगिनमधी उत्तर रिकामं आलं. रिकामं हाय का, हे न पाहताच मी पुढं वापरलं." तिचे डोळे भरले. "चूक माहीच हाय साहेब. तसंच लिहा."

मी तसंच लिहिलं आणि खाली लिहिलं, गुन्ह्याचा हेतू आढळला नाही. सायबर शाखेचाही अभिप्राय तोच आला. मग तिने शीतगृहात येऊन दुरुस्ती केली: उत्तर रिकामं आलं किंवा प्रोग्राममध्ये त्यासाठी ठेवलेल्या जागेत मावणार नाही इतकं लांब आलं, तर पुढे न जाता आधी भोंगा वाजवायचा. मालकांनी तिच्यासाठी चहा मागवला. पडताळणीच्या कागदावर मी 'प्रतिकूल काही नाही' असं लिहून सही केली.

तिच्या चुकीने संत्री गेली. रिकामं उत्तर न तपासताच पुढे जायची तीच चूक करून मी त्या पोरीचं आयुष्य घालवणार होतो, याची मला आजही लाज वाटते. त्यानंतर समोरचा माणूस गप्प बसला, की मी आधी त्याला पाणी द्यायला सांगायचो आणि थांबायचो.