खोबऱ्याचा तुकडा

आम्ही बौद्ध झालो त्या वर्षी मी अमरावतीत कापसाच्या एका जिनवाल्या शेटजींच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. एका सकाळी मी इग्निशनची दुरुस्ती केली, अन् गाडी नुसती खोकायची, सुरू होईना.

“देव सोडले, नारळ फोडत नाई. मंग कशी सुरू होईन?” शेटजी म्हणाले.

मी बॉनेट उघडलं. प्लगच्या दोन वायरी माझ्याच हातून उलटसुलट लागल्या होत्या. त्या जागच्या जागी लावल्या तशी गाडी सुरू झाली.

तरी शेटजींनी नारळ फोडलाच. प्रसादाचा तुकडा नेहमीसारखा वरूनच, हात न लागू देता, माझ्या ओंजळीवर सोडला. मी ओंजळ मागं घेतली. तुकडा धुळीत पडला.

शेटजी गाडीत बसले. अकोल्यापर्यंत त्यांचा जीव त्याच हातांत होता.