केंद्रकं निळीच होती

नगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी स्लाइड रंगवायचं काम करते. दोनेक वर्षांपूर्वी मिरजगावच्या एका बाईच्या स्तनातली कॅन्सरची गाठ आमच्याकडे तपासायला आली होती. रिपोर्टच्या दिवशी ती नवऱ्याबरोबर बाहेर बाकावर बसली होती. मला पाहताच उठली.

"ताई, गोळी लागू पडंल का न्हाई, ते ह्याच्यावरच ठरनार हाय म्हन्ले डॉक्टर."

हार्मोनला रोखणारी ती गोळी लागू पडते ती गाठीत हार्मोनचे रिसेप्टर असले तरच. रिसेप्टर म्हणजे हार्मोनला धरणारं प्रथिन. ते तयार होतं पेशीद्रवात, पण तिथून केंद्रकात जातं आणि पेशीला वाढायचा हुकूम तिथून देतं. म्हणून आम्ही केंद्रक पाहतो. रंगवल्यावर ते तपकिरी झालं तर रिसेप्टर आहेत, निळं राहिलं तर नाहीत.

आमच्या डॉक्टर मॅडम मायक्रोस्कोपवर वाकल्या होत्या. "पेशीद्रवात जरा तपकिरी दिसतंय, पण ते धरायचं नसतं. केंद्रकं निळीच आहेत. निगेटिव्ह."

मीही पाहिलं. गाठीच्या कडेला दुधाच्या निरोगी नळ्या होत्या. त्यांच्यात रिसेप्टर असतातच, म्हणून त्यांची काही केंद्रकं तरी तपकिरी व्हायलाच हवीत. एकही नव्हतं.

म्हणजे रंगच नीट चढला नव्हता. रिसेप्टरला रंग धरावा म्हणून स्लाइड आधी द्रावणात तापवावी लागते. सकाळी नेमकी तेव्हाच वीज गेली होती. आल्यावर उरलेली वेळ मी अंदाजाने भरून काढली आणि कुणाला बोलले नाही.

मॅडमनी पेन उचललं.

"मॅडम, सही करू नका. चूक माझी आहे." सगळं सांगून टाकलं.

त्यांनी चष्मा काढला. "हे सकाळी सांगायचं. जा, पुन्हा कर."

बाहेर येऊन मी त्या दोघांनाही खरं ते सांगितलं. नवरा चिडला. "आमची गाडी जाईल की!"

"जाऊ द्या," बाई म्हणाली. "ताई, तुमी नीट करा."

या वेळी मी द्रावणापासून हलले नाही. दर दोन मिनिटांनी थर्मामीटर पाहत होते.

संध्याकाळी मॅडमनी आधी निरोगी नळ्या शोधल्या. तपकिरी ठिपके उमटले होते. मग स्लाइड गाठीवर सरकवली. थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची मागे घेतली.

"बघ," त्या म्हणाल्या.

जवळजवळ प्रत्येक केंद्रक तपकिरी होतं.

गोळी चालेल हे ऐकून बाई पदर तोंडाला लावून रडली. आता ती तपासणीला नगरला येते, गोळी चालू आहे. मॅडम त्यानंतर मला रागावल्या नाहीत, पण बरेच दिवस माझी प्रत्येक स्लाइड दोनदा पाहत होत्या.