हिलालची सही

सुंदराबाई सुरतेतल्या लिंबायत वस्तीत राहायची. घरी गठ्ठ्याने येणाऱ्या साड्यांचे लोंबते धागे कापायचे, टिकल्या चिकटवायच्या, हा तिचा धंदा. नवरा हिलाल शहराबाहेर सचिन गावातल्या एका मिलमध्ये रंगाईच्या मशीनवर होता. चौऱ्याण्णवला सुरतेत प्लेगची हाकाटी उठली, तेव्हा त्याने बायकोला आणि मुलगी योगिताला उधना स्टेशनवरून अमळनेरच्या गाडीत बसवून दिलं. महिन्याने दोघी परतल्या तर खोलीला कुलूप. हिलाल सचिनला दुसरीसोबत राहू लागला होता. त्यानंतर त्याच्याकडून एक पैसा आला नाही.

शहाण्णवला योगिता बारावीला वस्तीत पहिली आली. विद्यापीठाच्या संगणकाच्या अभ्यासक्रमाला तिचं नाव लागलं. फी ऐकून सुंदराबाईने बोटांवर साड्यांचे गठ्ठे मोजले, हिशेब जुळेना. पण गरजू मुलांना फी माफ होते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मायलेकी विद्यापीठात गेल्या.

खिडकीवरचे कारकून चंद्रकांतभाऊ नाशिककडचे. त्यांनी अर्ज चाळला आणि चष्मा काढला.

"ताई, रेशन कार्डावर नाव नवऱ्याचं आहे. मिलमध्ये तो कायम कामगार. त्याचा पगार धरला तर तुम्ही मर्यादेच्या वर जाता."

"तो काहीच देत नाही, भाऊ. दोन वर्षं झाली."

"मला पटतं हो. पण मदत कमिटी ठरवते, आणि कमिटी कागद बघते. घर कसं चालतं ते तिला कसं दिसणार?" अर्ज परत सरकवत ते म्हणाले, "तुमच्याकडे फारकतीचा कागद नाही. मग त्याच्याच हातचा सोगंदनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, आणा. मी वेगळा राहतो, यांना काही देत नाही, असा. शुक्रवारी खिडकी बंद होईल."

तो मंगळवार होता.

बाहेर आल्यावर योगिता म्हणाली, "आई, राहू दे. मी पण टिकल्या लावीन." सुंदराबाईने अर्ज तिच्या हातून घेतला आणि जपून पिशवीत ठेवला.

बुधवारी ती सचिनला मिलच्या फाटकाशी उभी राहिली. पाळी सुटली, हिलाल बाहेर आला आणि तिला बघून वळला. ती मागे धावली. सगळे कामगार बघत होते. तिने त्याच्या शर्टाची बाही धरली.

"मी भांडाले नही उनू. पोरीले फक्त एक सही पाहिजे."

काय लिहायचं ते ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला. "लिखी दिधं ते उद्या तू कोर्टात जाशी. पोटगी मांगशी."

"नही मांगाव."

"तोंडी नही. कागदवर दे."

गुरुवारी वकिलाच्या टेबलापाशी दोन स्टँपपेपर आले. एकावर हिलालने सही केली. दुसऱ्यावर लिहिलं होतं, की सुंदराबाई आयुष्यभर पोटगी मागणार नाही. वकील म्हणाला, "बाई, विचार करा." सुंदराबाई म्हणाली, "शाई द्या." पहिला ठसा फाटका उमटला, म्हणून पुन्हा उठवावा लागला. हिलालने कागद घडी करून खिशात टाकला. पोरगी काय शिकते, एवढंही त्याने विचारलं नाही.

महिन्याने यादी लागली. योगिताला निम्मी फी माफ झाली होती. चंद्रकांतभाऊ म्हणाले, "बापाचं नाव अजून कार्डावर आहे ना. कमिटीने निम्म्यावरच ठेवलं. आणि ताई, हे एका वर्षापुरतं असतं. पुढच्या साली नवा अर्ज, नवा सोगंदनामा."

सुंदराबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा खिडकीचे गज धरून ती कितीतरी वेळ उभी राहिली. मागची रांग ओरडू लागली.

उरलेल्या फीसाठी तिने कानातलं मोडलं आणि साड्यांचे गठ्ठे दुप्पट घेतले. डोळ्यांतून पाणी गळू लागलं, तरी हात थांबला नाही. दुसऱ्या साली ती पुन्हा मिलच्या फाटकावर गेली. हिलालने तिला तीन दिवस उभं केलं आणि चौथ्या दिवशी सही दिली. तिसऱ्या साली त्याने मिल सोडली होती. तो कडोदऱ्याला सापडला. या वेळी योगिता सोबत होती. बाप सही करत असताना ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

नव्याण्णवला योगिता पास झाली. निकालाचा कागद तिने आईच्या हातात दिला. सुंदराबाईने तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "आता कोणाची सही लागेल?"

"कोणाचीच नाही, आई."

तेव्हा कुठे ती रडली.