मूळ न सांगण्याचा दिवस
देवराव नागपूरजवळच्या वाडीत एका ट्रान्सपोर्ट गोदामात माल उतरवून घेतात. खरा नाद मात्र शब्दांची मुळं सांगण्याचा. ट्रकवाले ताटकळत बसले की यांचं सुरू: मालक ओरडायचा, 'हा माल उचल', त्यातून झाला हमाल. हे कुठल्या ग्रंथात आहे, असं विचारायची सोय नाही. ज्यांना आपलं आपण सुचत नाही, त्यांना ग्रंथ लागतात.

मुलगी मेघा या विद्वत्तेने लहानपणापासून पोळलेली. शाळेत तिने बाबांचं एक मूळ निबंधात लिहिलं आणि अख्ख्या वर्गाने तिला हसून घेतलं. आता तिचं हर्षितशी जमलं होतं. त्याचे आईवडील रविवारी खाप्याहून बोलणी करायला यायचे होते, आणि वडील रुपराव म्हणजे मराठीचे निवृत्त मास्तर.

"बाबा, उद्या एकाही शब्दाचं मूळ सांगायचं नाही," मेघा म्हणाली. "माझ्या लग्नाचा सवाल आहे."

"मी काहून सांगीन? मले समजत नाही का?" देवराव दुखावले, पण त्यांनी कबूल केलं.

पाहुणे आले, जयभीम झाला, पोहे आले. रुपराव बोलायला मोकळे. ते सोयरीक म्हणाले, बिऱ्हाड म्हणाले, आणि दर शब्दाला देवरावांच्या जिभेवर एक मूळ येऊ लागलं. तोंड उघडलं तर मूळच बाहेर पडेल, या धास्तीने त्यांनी नुसतं हो-बरं करून भागवलं. बायकोने, सिंधूताईने, कोपर मारलं तरी ढिम्म.

शेवटी रुपरावांनी प्लेट खाली ठेवली.

"भाऊ, पोरगं पसंत नसन तर तसं सांगून द्या. आम्ही काही जबरदस्ती करून नाही राहिलो."

"तसं नाही जी," देवराव म्हणाले आणि पुन्हा गप्प झाले. त्यामुळे तर पाहुण्यांची खात्रीच पटली. हर्षितची आई पर्स आवरू लागली.

दारातून पाहणाऱ्या मेघाने कपाळाला हात लावला आणि ती सरळ बाबांजवळ येऊन बसली. "बाबा, पगार शब्द कुठून आला, सांगा ना यांना."

देवरावांनी आधी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. मग जे सुटले! पग म्हणजे पाय, पाय झिजल्याशिवाय मिळत नाही तो पगार, आणि वर चार उदाहरणं.

"साफ चूक," रुपराव म्हणाले. "पगार पोर्तुगिजांचा शब्द आहे."

"पोर्तुगीज नागपूरले आलेच कवा? पगार तर माझा बाप भी घेत होता."

रुपरावांनी खुर्ची पुढे ओढली. "पर्स ठेव वं खाली," ते बायकोला म्हणाले. "या माणसाले असं सोडून मी जाऊन नाही राहिलो."

लग्न ठरलं ते असं भांडता भांडता. चहा आणला तेव्हा दोघांनी मेघालाच निवाडा करायला सांगितला. तिने आधी रुपरावांपुढे कप ठेवला.

"काका, तुमचं बरोबर असन," ती म्हणाली. "पण मले बाबांचं पटते."