ओल्या लाकडाची ऑर्डर

काश्मीरमधल्या त्या पोस्टवर गेलो तेव्हा मी हवालदार होतो. उंची अकरा हजार फूट, नऊ जवान, दोन बंकर. प्रत्येक बंकरमध्ये एक बुखारी, म्हणजे लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी. तिचा धूर पत्र्याच्या पाइपातून छपरावर जायचा.

आमच्या बंकरची बुखारी लान्स नाईक बबनकडे होती. तो लोणी काळभोरचा, मी बिबवेवाडीचा. उन्हाळ्यात फोडलेली लाकडं तो दगडांवर रचायचा. वर पत्रा, बाजू मोकळ्या. जाळण्याआधी दोन ढलप्या एकमेकींवर आपटायचा. खणखणीत वाजल्या तर वाळलेल्या. बद्द वाजल्या की परत ढिगावर. ओलं लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं आणि पाइपात काजळीचा थर बसतो. म्हणून दर रविवारी तो पाइप उतरवून साफ करायचा. खिडकीची एक फट कायम उघडी. कोणी कुरकुरलं तर म्हणायचा, "थंडीनं माणूस जागा होतो. धुरानं न्हाय."

जानेवारीत सहा दिवस सलग बर्फ पडला. वाळलेली लाकडं संपली. सातव्या सकाळी बबन म्हणाला, "उस्ताद, राहिलेली ओली हायत. पाइप बी साफ न्हाय. आज बुखारी नको."

बंकरमध्ये दोन जवान तापाने फणफणत होते, रेडिओ ऑपरेटर कोपऱ्यात कुडकुडत बसला होता. मी त्या आजाऱ्यांकडे पाहिलं.

"पेटव. आणि ती फट बुजव."

"उस्ताद, फट तरी राहू द्या."

"बुजव म्हटलं ना."

ती ऑर्डर माझी होती.

बारा वाजता बबन सेंट्री ड्यूटीवर बाहेर गेला. दीडच्या सुमारास माझं डोकं दुखू लागलं. वाटलं, उंचीमुळे असेल. मग उठायला गेलो आणि पाय हललेच नाहीत.

दोन वाजता बबनला छपरावर धूर दिसेना; पाइप तुंबून तो आत कोंडत होता. त्याने दार लाथेने उघडलं. आधी दोघा आजाऱ्यांना ओढून बाहेर बर्फात ठेवलं, मग मला. चौथ्यांदा आत शिरला तो रेडिओ ऑपरेटरसाठी. त्याला दारापर्यंत आणलं आणि स्वतः आतच कोसळला. दुसऱ्या बंकरमधले जवान धावत आले, पण तोवर उशीर झाला होता. त्यांच्यातल्या एकाने रेडिओवर खालच्या तळाला कळवलं.

"एक कॅज्युअल्टी सीरियस. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"हवामान खराब. थांबा. ओव्हर."

चार वाजून दहा मिनिटांनी तो माझ्या मांडीवर गेला.

चौकशीत मी लिहून दिलं की ऑर्डर माझी होती. शिक्षा झाली, ती भोगली. सुट्टी मिळताच लोणीला गेलो आणि बबनच्या आईलाही तेच सांगितलं. त्यांनी विचारलं, "बाकीची चौघं घरला गेली का?"

"गेली, आई."

"मग हात धू. जेवून जा."

त्यानंतर दर जानेवारीत मी जातो. आता त्यांना दिसत नाही. यंदा शेजारी बसलो तर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"पांढरं झालं का रं?"

"सगळे, आई."

"बबनचं बी झालं असतं आता."

"अजून नसते झाले," मी म्हणालो. "तो माझ्याहून सात वर्षांनी लहान होता."